सांवेर रस्त्यावरचे तीन तास

संघदीप इंदूरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होता. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो सांवेरहून मोटारसायकलवर परत येत होता. दोन वाजता त्यानं वाटेत चहा घेतला, आणि त्यानंतर भान आलं तेव्हा पाच वाजले होते. तो सोयाबीनच्या शेताकडेला बसलेला, गाडी आडवी पडलेली. मधले तीन तास कुठंच नव्हते.

बायको प्रीती म्हणाली, "डॉक्टरला दाखवू." तो मोबाइलवर उत्तर शोधत बसला. तिकडं परदेशातली माणसं सांगत होती की, फौजच लोकांना उचलते, उडत्या तबकड्यांतल्या जिवांसमोर नेते आणि आठवण पुसून सोडून देते. त्या दुपारी एक हिरवा ट्रक शेजारून गेल्याचं त्याला आठवलं. तेवढं पुरलं.

त्याचे वडील धोंडिबा महूला राहत. फौजेत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. "ज्या वर्दीनं तुला वाढवलं, तिच्यावर आळ घेतोस?" असं म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. वर्षभरानं प्रीतीचा फोन आला. "बाबा, यांची नौकरी गेली. माझ्या हातचं खात पण नाहीत. म्हणतात, यात काहीतरी मिलवलंय."

दुसऱ्या दिवशी धोंडिबांनी कोटावर पदकं लावली आणि मुलाला इंदूरहून घेऊन महूच्या छावणीच्या गेटवर गेले. पहाऱ्यावरच्या जवानाला त्यांनी मान खाली घालून विचारलं, "बेटा, मेरा लड़का पूछ रहा है, इसको यहाँ लाए थे क्या?"

जवानानं पदकांकडे पाहिलं. "नहीं साहब," तो हळूच म्हणाला. "यहाँ किसी को नहीं लाते."

"हेच सांगणार ते," संघदीप म्हणाला.

बस स्टँडवर त्याचं अंग अचानक ताठ झालं, डोळे फिरले, तो कोसळला. धोंडिबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. झटके थांबले, तरी बराच वेळ तो निपचित होता. डोळे उघडल्यावर त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"साडेअकरा."

"परत नेलं मला."

"कुणी नाही नेलं रे. माझ्या मांडीवर होतास. मी नजर हलवली नाही."

संघदीप त्या पदकांकडे बघत राहिला. मग मागे सरकला. "म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातलेच."

डॉक्टरांनी मिरगी सांगितली. त्या दुपारीही तेच झालं असणार, म्हणाले. गोळ्यांनी झटके थांबले. संशय तसाच राहिला.

आता धोंडिबा दर रविवारी इंदूरला, स्नेहलतागंजातल्या मुलाच्या घरी येतात. संघदीप आतल्या खोलीची कडी काढत नाही. ते दाराबाहेर पाट टाकून बसतात, महूच्या गोष्टी सांगतात. आतून उत्तर येत नाही.

एकदा आलं. "बाबा, ते परत आले तर?"

'कुणी येत नाही' हे शब्द धोंडिबांच्या तोंडाशी आले होते. ते त्यांनी गिळले.

"आले तर मी दारातच आहे," ते म्हणाले.

कडी निघाली नाही. प्रीतीनं महूच्या बसची वेळ झाल्याची आठवण करून दिली. धोंडिबा उठले नाहीत.