डिशच्या वाटेतला पाऊस

परवा दुपारी आंदर मावळातल्या एका वाडीत होते. सॅटेलाइट इंटरनेटच्या डिश बसवणं, सांभाळणं हे माझं काम. तिथल्या आरोग्य उपकेंद्रातल्या डिशची बॅटरी बदलायला गेले होते.

तेवढ्यात एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेला कळा सुरू झालेल्या... रस्त्यावर दरड आलेली, अँब्युलन्स पलीकडे अडकलेली, मोबाइलला रेंज नाही. सिस्टरनी डिशवरून पुण्याच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला.

बाळ झालं, पण रडेना. आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवरचं चित्र थिजलं.

मी बाहेर धावले. अंगणात चक्क ऊन! डिश नीट, वायर नीट. मग डिशचं तोंड होतं तिकडे पाहिलं... समोरच्या डोंगरावर पावसाचा पांढरा पडदा उतरत होता.

उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. एवढ्या लांबून सिग्नल बिनबोभाट येतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात पावसाचे थेंब त्याला पिऊन टाकतात. हे मी लोकांना नेहमी समजावते. पण त्या दिवशी ते डोळ्यांसमोर घडत होतं.

आत जाऊन व्हिडिओ बंद केला, फक्त आवाज ठेवला. आवाजाला डेटा कमी लागतो. आधी काहीच नाही... मग डॉक्टरांचे तुटक शब्द आले. "मास्क नीट बसवा... श्वास देत राहा..."

सिस्टर थांबल्या नव्हत्याच. पण तो आवाज आला आणि त्यांचे हात स्थिरावले.

"बाय, रडंल न्हवं त्ये?" सासूबाईंनी माझा हात धरला.

आणि बाळ रडलं!

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "ऐकलं. इथे आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"पुन्यात ऐकू गेलं?" सासूबाईंचे डोळे विस्फारले.

"हो मावशी. आधी वर आभाळात गेलं, मग पुण्यात."

सासूबाईंनी दारात येऊन डोंगरावरच्या पावसाकडे पाहिलं. मग त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. मायलेकी दवाखान्यात पोहोचल्या, दोघी सुखरूप आहेत. पण त्या पोरीचं पहिलंच रडणं पावसातून वाट काढत पार उपग्रहापर्यंत जाऊन आलं, हे आठवलं की मी अजून मान वर करून आभाळाकडे बघते...