केसपेपरच्या कोपऱ्यातलं गाव

त्या गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता माझी पत्नी गेली. दुपारी अमरधाममध्ये अग्नी दिला. सातव्या दिवशी घरी पुण्यानुमोदन झालं. दहाव्या दिवशी मी कामावर गेलो.

काम नगरमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात होतं. आम्ही दोघंही तिथेच नोकरीला होतो. ती केसपेपरच्या खिडकीवर बसायची आणि मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर. नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ. मी कॉलेजात गणित शिकलो होतो, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला होता, म्हणून दवाखान्याने घेतलेलं ते एकुलतं एक मशीन माझ्या हवाली झालं. त्याआधी मी औषधांच्या भांडारात होतो.

पेशंट जिल्हाभरातून यायचे. जामखेड, कर्जत, पाथर्डी, श्रीगोंदा या भागांतून सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने परत जायचे. पहिल्यांदा आलेल्या माणसाचा केसपेपर निघे आणि त्यावर नंबर पडे. पुढच्या वेळी नंबराची चिठ्ठी आणली तर जुना पेपर काढता येई. चिठ्ठी शंभरातले दहा जण आणत. बाकीच्यांचा गर्दीत नवा पेपर निघे. असं तीस वर्षं चाललं होतं. एकाच माणसाचे दोन-दोन, तीन-तीन पेपर होते आणि कोणता कोणाचा हे कुणाला सांगता येत नव्हतं.

ट्रस्टला जुन्या पेपरांची खोली एक्स-रेसाठी हवी होती. ठरलं असं, की सात वर्षांत जो पेशंट आला नाही त्याचा पेपर रद्दीत द्यायचा. मात्र तोच माणूस नव्या पेपरवर येत असेल तर जुना पेपर नव्याला जोडून ठेवायचा. दोन मुलींनी दोन वर्षं बसून चाळीस हजार नोंदी मशीनमध्ये भरल्या. त्यातल्या दुबार नोंदी शोधण्याचं काम माझं होतं.

पहिला प्रोग्राम मी सरळ लिहिला. पहिली नोंद घ्यायची, बाकी सगळ्यांशी ताडून बघायची. मग दुसरी घ्यायची. एक हजार नोंदींवर चालवून पाहिला तेव्हा आठ मिनिटं लागली. मला आनंद झाला. मग कागदावर हिशेब केला. नोंदी चाळीस पट झाल्या तर जोड्या चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे सोळाशे पट होतात. आठ मिनिटांचे जवळपास नऊ दिवस होत होते. दिवसभर मशीन खिडकीच्या कामाला लागायचं, मला संध्याकाळचे तीन तास मिळायचे, आणि त्यातही वीज जायची. कुठपर्यंत आलो ते फाईलमध्ये नोंदवून तिथूनच पुढे सुरू करायची सोय केली. वीज गेली तरी केलेलं काम वाया जाईना, पण काम कमीही होईना.

नंतर सुचलं ते फार साधं होतं. खर्ड्याच्या माणसाची नोंद श्रीगोंद्याच्या माणसाशी ताडून बघायचीच कशाला? सगळ्या नोंदी आधी गावाप्रमाणे लावल्या आणि फक्त एका गावातल्या नोंदी एकमेकींशी ताडल्या. नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जवळचं, वयात पाच वर्षांपेक्षा जास्त फरक नाही, अशी जोडी निघाली की ती कागदावर छापायची. एका गावात पन्नास-साठ नोंदी असत, ते गाव क्षणात संपे. नगर शहर एकटंच अर्धा तास खाई, म्हणून ते पेठांप्रमाणे तोडलं. नऊ दिवसांचं काम पाऊण तासावर आलं.

व्यवस्थापक तहसील कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांना मी घड्याळ लावून दाखवलं. त्यांनी चहा मागवला. त्या दिवशी मी बहुधा थोडा मोठ्याने बोलत होतो.

संध्याकाळी घरी चहा घेताना पत्नीला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"अहो, आणि बाया?"

"बायांचं काय?"

"बाई गाव बदलते. बापाच्या जागी नवऱ्याचं नाव लागतं. आडनाव बदलतं. सासरच्यांना आवडलं नाही तर पहिलं नावसुद्धा बदलतात. ती कशी सापडणार तुम्हाला?"

"थोडे अपवाद राहणारच."

"अर्धा दवाखाना अपवाद?"

"अगं, नऊ दिवस आणि पाऊण तास, यात काही फरक आहे की नाही?"

"आहे ना. तुमच्या मशीनचं लग्न झालेलं नाही, एवढाच फरक आहे."

मी हसलो नाही. तिने मग सांगितलं, की खिडकीवर आलेल्या प्रत्येक बाईला ती माहेरचं गाव विचारते आणि केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवते. गर्दी ओसरली की जुनी रजिस्टरं काढून त्या गावात शोधते. आठवड्याला दोन-चार सापडतात. "माहेर काही बदलत नाही बाईचं. ते घ्या तुमच्या प्रोग्राममध्ये."

मला तो कोपरा माहीत होता. मी म्हणालो, "फॉर्ममध्ये तशी जागाच नाही. चाळीस हजार नोंदी भरून झाल्या आहेत. आता परत कोण बसणार?"

तिने कपबशा उचलल्या. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

दिवाळीनंतर ती रजेवर गेली. पुण्याला तपासण्या झाल्या, उपचार झाले, आणि ते मी इथे लिहिणार नाही. त्या महिन्यांत माझ्या पाऊण तासाच्या यादीप्रमाणे जुन्या खोलीत गठ्ठे बांधले जात होते. ठेवायचे पेपर डाव्या भिंतीला, रद्दीचे उजव्या. रद्दीवाल्याचा ट्रक एप्रिलच्या शेवटच्या दिवशी यायचा होता.

मी कामावर परतलो त्या दिवशी खिडकीवर बदली मुलगी होती. मी तिच्या मागे उभा राहून काहीतरी बघत होतो. चाळिशीची एक बाई पुढे आली. कर्जतकडच्या एका गावची.

"आधी इथे दाखवलंय का?" मुलीने विचारलं.

"व्हय. लई वरसं झाली. पोरगी हुते तवा. पायाचं आपरेशन झाल्तं हितंच."

"तेव्हाचं नाव सांगा."

"कंचं सांगू? बापानं एक ठिवलं, सासूनं दुसरं, आन् रेशन कार्डावर मास्तरनं तिसरंच घातलंय." मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. ती वाकून खिडकीतून आत बघू लागली. "त्या चष्म्याच्या बाई कुठं हायेत? गेल्या टायमाला त्यांनी म्हायेर इचारलं हुतं. जुना कागद हुडकून ठिवते म्हनल्या."

मुलीने माझ्याकडे बघितलं.

"त्या आता नाहीत," मी म्हणालो.

"बदली झाली व्हय?"

"नाही."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आन् मग माझा कागद?"

तिचा अलीकडचा पेपर मी काढला. वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, खर्डा. मशीनवर खर्ड्याच्या जुन्या नोंदी काढल्या. त्यातल्या मुलींच्या वेगळ्या केल्या, वयाचा मेळ घातला. तीन उरल्या. त्यांचे नंबर घेऊन मी जुन्या खोलीत गेलो. तिचा पेपर उजव्या भिंतीच्या गठ्ठ्यात होता. सुतळी सोडून बाहेर काढला. पायाच्या ऑपरेशनची नोंद होती. खाली लाल शाईत लिहून अधोरेखित केलं होतं, की पेनिसिलिन दिल्यावर श्वास अडकला, पुन्हा देऊ नये.

तिचं दुसरं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलेलं होतं. पेपर मी स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "हा कुठे होता?" मी म्हणालो, "रद्दीत."

मग उजव्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिलो. गठ्ठे छतापर्यंत गेले होते. त्यात पुरुष होते ते बहुतेक खरोखर परत न आलेले. बायकांबद्दल तसं म्हणता येत नव्हतं. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या नावाच्या पेपरवर त्याच आठवड्यात येऊन गेलेल्या असू शकत होत्या.

व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी आधी माझी चौकशी केली. मग मी काम सांगितलं.

"पाऊण तासात होतं म्हणून तुम्हीच घड्याळ लावून दाखवलंत ना?"

"ते चुकलं होतं, साहेब."

"चुकलं म्हणजे? यादी तर चांगली जाडजूड आली."

"ती पुरुषांची आहे. बायका त्यात सापडतच नाहीत."

त्यांनी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघितलं. "ट्रकवाल्याला तारीख दिली आहे. एक्स-रे मशीन निघालंय. महिनाअखेरपर्यंत काय करायचं ते करा. त्यापुढे एक दिवससुद्धा मागू नका."

अठरा दिवस होते. नोंदीत एक रकाना वाढवला, माहेरचं गाव. आधी नोंदी भरलेल्या त्या दोन मुलींना सांगितलं, की नव्या पेपरांतले फक्त बायकांचे घ्यायचे आणि फक्त कोपरा भरायचा. एक गठ्ठे सोडून नंबर आणि गाव वाचायची, दुसरी टाईप करायची. मिरजगाव. मांडवगण. खर्डा. पुन्हा मिरजगाव. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत थांबलो. दुसऱ्या दिवसापासून बाहेर बसून कागदावर प्रोग्राम लिहायला लागलो.

या वेळी सगळ्यांना सगळ्यांशी ताडायचं कारण नव्हतं. जुन्या पेपरांतल्या मुली गावाप्रमाणे लावून ठेवल्या. मग नव्या पेपरांतली एक-एक बाई घ्यायची, तिचं माहेर बघायचं आणि थेट त्या गावात जायचं. तिथे वयाचा मेळ बसतो त्या मुली तेवढ्या बघायच्या. नाव जुळलं तर जोडी वर छापायची, नाही जुळलं तर खाली, कारण नाव बदललेलं असू शकतं. आडनाव आणि मधलं नाव बघायचंच नाही. वयाबाबत थोडं सैल राहावं लागलं. बाया वय विचारलं की तीस, पस्तीस, चाळीस असंच सांगतात. वीस मिनिटांत संपलं.

छापलेली यादी मी दोन दिवस वाचली. खालच्या जोड्यांसाठी दोन्ही पेपर शेजारी ठेवून बघावे लागले: डाव्या हातावर जळाल्याचा डाग दोन्हीकडे, वडिलांचा तोच आजार दोन्हीकडे. उजव्या भिंतीचे दोनशेवर पेपर डावीकडे गेले. मुलींपैकी एक म्हणाली, "सर, बाईंनी हे सगळं हातानं शोधायचं ठरवलं होतं?" मी हो म्हणालो.

पण कोपरे दिवाळीपाशी थांबत होते. ती रजेवर गेल्यापासूनच्या पेपरांवर काही लिहिलेलं नव्हतं. बदली मुलीला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायचं काम माझं होतं. त्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच नवा पेपर काढलेल्या बायका वेगळ्या काढल्या. त्यांच्यापुरता माझा प्रोग्राम निरुपयोगी होता. त्यांचं माहेर कुठल्याच नोंदीत नव्हतं, ते फक्त त्यांना माहीत होतं.

पोस्टातून कार्डं आणली. पेपरवर सासरचा पत्ता होता. प्रत्येक कार्डावर एकच मजकूर लिहिला: आपल्या माहेरच्या गावाचे नाव आणि लग्नाआधीचे नाव कळवावे, आपला जुना केसपेपर शोधायचा आहे. उत्तरासाठी जोडकार्ड लावलं. महिनाअखेरीला नऊ दिवस होते. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी आणि जेवणाच्या सुट्टीत मी कार्डं लिहिली. माझं अक्षर मोठं आहे, एका दिवसात साठच्या वर होत नसत.

चौथ्या दिवसापासून उत्तरं येऊ लागली. काही मुलांनी लिहिलेली, काही मास्तरांनी. एका नवऱ्याने लिहिलं, की आमच्या घरच्या बाईंची माहेरची चौकशी दवाखान्याला कशासाठी पाहिजे, याचा खुलासा व्हावा. तरी खाली गाव लिहिलं होतं. ज्या दिवशी जी येत ती मी त्याच दिवशी यंत्रावर घेई आणि गठ्ठा शोधायला जाई. असे एकोणतीस पेपर उजवीकडून निघाले.

तीस तारखेला सकाळी ट्रक आला. व्यवस्थापक दारात उभे होते. मी त्यांच्याकडे दिवस मागितला नाही. हमालांनी गठ्ठे दुपारपर्यंत भरले. उजवी भिंत मोकळी झाली तेव्हा तिच्यावर ओलीचा मोठा डाग दिसला.

पोस्ट त्या दिवशीही आली, दुसऱ्या दिवशीही आली. पूर्ण मे महिना कार्डं येत होती. पाथर्डीच्या पलीकडच्या गावांतली सर्वांत उशिरा आली. ज्यांचे नंबर जुन्या नोंदीत सापडले, त्यांना मी कळवलं, की आपण पूर्वी आला होतात हे खरं आहे, पण पेपर आता नाही, कृपया पूर्वीचा त्रास आणि औषधं डॉक्टरांना तोंडी सांगावीत. खिडकीवरची मुलगी तोवर माहेर विचारायला शिकली होती. पुढच्या छपाईत फॉर्मवर त्यासाठी रकाना आला.

ते मशीन दवाखान्याने नंतर काढून टाकलं. माझे दोन्ही प्रोग्राम त्यातच होते. त्यानंतर नवीन पद्धत आली, नवीन माणसं आली, मी निवृत्त झालो.

महिनाअखेरीनंतर आलेली कार्डं माझ्याकडे आहेत. एकशे चौदा आहेत.