शेवटचं पाणी

कोर्लईच्या जेसिंता रोचाचं काय झालं असं गावात विचाराल, तर गाव सांगेल, आयर्लंडात नर्सिंग शिकायला गेली आणि हात हलवत परत आली. गावाला काय, बोलायला जीभ तेवढी लागते. खरं काय झालं ते ऐका.

जेसी लहान असतानाच बाप गेला. मागे माय आणि ती, दोघीच. मायनं भाजीचा मळा केला, रेवदंड्याच्या बाजारात उन्हात बसली आणि पोरीला परदेशी धाडलं. शेवटचं वर्ष उरलं, तेव्हा मायच्या पोटात गाठ निघाली. "परीक्षा दे, मग ये," माय फोनवर म्हणाली. "तोवर मी कुठं पळून जात नाही." जेसीनं मायला शेजारच्या वेणूबाईच्या भरवशावर सोडलं. वेणूबाई कोळीण, तिचा देव वेगळा. पण या घरचं कालवण त्या घरी गेल्याशिवाय कुणाचं जेवण होत नसे.

तिकडे शिक्षणातलंच काम म्हणून जेसी एका वृद्धाश्रमात जाई. तिथली एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती. मुलगा ऑस्ट्रेलियात. तिला गिळता येत नव्हतं, म्हणून पलंगाला पाटी लावलेली: तोंडावाटे काही देऊ नये. ओठ ओल्या बोळ्यानं टिपायचे, बस्स. आता आपल्याकडे ख्रिस्ती असो की कोळी, जाणाऱ्याच्या तोंडात चमचाभर पाणी घालतातच. न घालणाऱ्याला गाव जन्मभर ऐकवतं. एका दुपारी म्हातारीनं जेसीचा हात घट्ट धरला. तिचे सुकलेले ओठ हलले. तीन वर्षं घोकलेलं सगळं जेसी त्या क्षणी विसरली. नमो मारियाची प्रार्थना पुटपुटत तिनं चमचाभर पाणी म्हातारीच्या तोंडात सोडलं.

पाणी नरड्यात अडकलं. खोकून खोकून म्हातारी निळी पडली. धावपळ करून लोकांनी तिला वाचवलं, चार दिवसांनी ती आपल्या मरणानं गेली. पण जेसीवर चौकशी बसली.

आणि त्याच आठवड्यात मायला अलिबागच्या दवाखान्यात हलवलं. चौकशी सोडून गेलीस तर नाव कापू, असं कॉलेजनं बजावलं. जेसीनं दोन दिवस बॅग भरली आणि रिकामी केली. मायचे एवढे कष्ट वाया कसे घालवायचे? ती थांबली. तिसऱ्या दिवशी माय गेली. पुढच्या सोमवारी जेसीचं नाव कापलंच. तेलही गेलं आणि तूपही गेलं म्हणतात ना, ते हेच.

जेसी घरी आली तेव्हा मायला माती देऊन आठवडा झाला होता. वेणूबाई काही भेटायला आली नाही. ती तोंड चुकवू लागली. माय अतिदक्षता विभागात होती, आत कुणाला सोडत नव्हते, आणि तिच्या तोंडात पाणी कुणीच घातलं नाही, हे जेसीला दुसऱ्यांकडून कळलं.

मग मात्र ती देवावर उखडली. परक्या बाईला मी पाणी पाजलं, त्यापायी माझी माय पाण्यावाचून गेली, हा कुठला न्याय? फादर समजवायला आले, म्हणाले, देव परीक्षा घेतो. "मग मला नापास करा," जेसी म्हणाली आणि दार लावून घेतलं. कित्येक महिने ती चर्चमध्ये मिस्साला फिरकली नाही.

गुड फ्रायडेला तिला जावं लागलं. क्रुसाखालच्या मारियेच्या मूर्तीला काळी ओढणी घालायचं काम मायचं होतं, ते आता हिच्याकडे आलं. ती स्टुलावर चढली, ओढणीला टाचण्या लावू लागली. मूर्तीचं तोंड अगदी तिच्या तोंडासमोर आलं. ते वर बघत होतं. वर क्रुसावर तिचा मुलगा तहानेनं मरत होता, पाणी मागत होता, आणि आईचा हात तिथवर पोचत नव्हता. देवाच्या घरातसुद्धा हेच झालं होतं तर. जेसी तिथंच, स्टुलावरच, हमसाहमशी रडली.

तिथून ती थेट वेणूबाईच्या दारात गेली. वेणूबाई मासळी साफ करत होती. तिनं मान वर केली नाही.

"काचंवर हात मारीत रायले गो पोरी," ती म्हणाली. "कोनी आत सोरला न्हाय. तुजे मायचे तोंडान पानी परला न्हाय."

"देवाच्या आईलाही नाही घालता आलं, वेणूबाय. ती नुसती उभी राहिली."

"मीपन उभीच व्हते. काय उपेग?"

"तू उभी तरी होतीस," जेसी म्हणाली. "मी तर तिथं नव्हतेसुद्धा."

वेणूबाईनं हात धुतले आणि तिला जवळ घेतलं.