फॅमिली रूममधली शाखा

बंदराच्या गावातल्या त्या वसतिगृहाच्या दारावर पांढऱ्या रंगात नियम लिहिले होते. त्यातला चौथा असा: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खोल्या बंद राहतील. वसतिगृह नोकरदार महिलांचं होतं आणि नोकरी म्हणजे दहाला बाहेर पडणं, पाचला परत येणं, असं रेक्टरबाईंनी धरलेलं होतं. बाकीच्या अकरा जणी तशाच होत्या. कुणी दवाखान्यात, कुणी कचेरीत, दोघी शाळेत. माझं काम खाटेवर बसून होण्यासारखं होतं आणि खाट दिवसभर कुलपात असायची.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. साक्षरतेची मोहीम जोरात होती आणि सांगलीतल्या एका लहानशा संस्थेनं किनाऱ्यावरच्या बायकांसाठी चार वाचनपुस्तिका लिहायचं काम मला दिलं होतं. पलूसजवळ उसाच्या गावात बसून मासळीबाजारावर लिहिता येणार नाही, असं मीच संस्थेच्या संपादकांना पटवलं. ते खरंच होतं. घरी मला बघायला पाहुणे येऊ लागले होते, हेही खरं होतं.

वडील साखर कारखान्यात फिटर. आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या जागी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात जयंत्यांची, संपांची, सभांची पत्रकं. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. त्यामुळे साधं वाक्य लिहिणं मला जड जायचं. 'बाई बाजारात जाते' असं लिहिलं की पुढचं वाक्य आपोआप 'भगिनींनो, किती दिवस सोसणार?' असं यायचं. लिहिलेली पानं मी सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. दोन दिवसांनी ती परत यायची. त्या वाक्याशेजारी संपादकांनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आधी तिला बाजारात पोचू दे.'

दिवसभर बसायला जागा शोधताना दोन हॉटेलं झाली. एकात तासाभरानं टेबल पुसायला येत आणि मी उठेपर्यंत पुसत राहत. दुसऱ्यात बघ्यांची गर्दी व्हायची. तिसरं बंदराच्या रस्त्यावर होतं. त्याचा मालक कडेगावकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. बायकोच्या दम्याला खारी हवा मानवते म्हणून घाट उतरून आला आणि इथं चहा-मिसळ विकू लागला. माझं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "गाव कंचं?" मी गाव सांगितलं. मग त्यानं आडनाव विचारलं. तेही सांगितलं. चहा कोणत्या कपात येतो याकडे मी लक्ष ठेवून होते. सगळ्यांच्याच कपात आला.

भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. हॉटेलच्या मागच्या बाजूला प्लायवूड लावून एक खण केला होता. दाराला बदकांच्या छापाचा पडदा, वर लाल अक्षरांत 'फॅमिली रूम'. आत दोन बाकं, एक टेबल, पंखा नाही. बाईमाणूस आलं की तिथं बसायचं.

"ताई, तुमी आत बसा," हवालदार म्हणाला.

"मी बाहेरच बसणार."

"आवं, रूल हाय."

"कुणी केला?"

"कुणी म्हंजी? मी. हॉटेल माजं हाय."

मग मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. पडदा, चूल, उंबरठा, गुलामी, सगळं आलं त्यात. मिसळ खाणारे दोन खलाशी घास हातात धरून ऐकत होते. त्यातला एक म्हणाला, "हवालदारा, घाटावरून आणखी एक रणगाडा आला रे तुझा." हवालदार हसला नाही. हात धुवायच्या बेसिनशेजारचं एक टेबल त्यानं फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बसा हितं. पर भाषण एकदाच. रोज न्हाई."

त्या टेबलावर दोन पुस्तिका पुरी झाल्या. समोरून मासळीच्या पाट्या घेऊन बायका जायच्या. दुपारी बोटीवरचे लोक बेसिनवर तोंडं धुवायचे आणि माझ्या कागदांवर शिंतोडे उडायचे. तिसरी पुस्तिका सुरू झाली तेव्हा रेक्टरबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. प्रत्येकीनं आपल्या कार्यालयाचा दाखला द्यायचा होता. मी संस्थेचं पत्र पुढे केलं.

"हे सांगलीचं आहे," त्या म्हणाल्या.

"संस्था सांगलीला आहे. काम मी इथं करते."

"इथं म्हणजे कुठं?"

"हॉटेलात."

त्यांनी चष्मा काढला. "हॉटेलात काम करता की हॉटेलात बसता?"

"बसून काम करते."

"हे बघा, सांगलीत नोकरी असेल तर सांगलीत राहा. माझ्या नियमात या गावातलं कार्यालय लागतं. महिनाअखेरपर्यंत दाखला आणा, नाहीतर खाट दुसरीला देईन. नावं थांबलीत."

गावातल्या दोन्ही लॉजवर मी आधीच विचारून आले होते. एकट्या बाईला खोली नाही, असं दोन्हीकडे सांगितलं होतं, एकीकडे जरा नम्रपणे. खाट गेली की घाट चढून घरी जायचं, पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी धरायची आणि उरलेल्या पुस्तिका दुसऱ्या कुणीतरी लिहायच्या, एवढं स्पष्ट होतं.

हवालदाराला कळलं तेव्हा त्यानं गल्ल्यातून लेटरहेड काढलं. "त्यात काय एवढं? लिवून देतो. आमच्याकडं कॅशियर हाय म्हणून."

"खोटं नको."

"मंग खाट जाईल."

"जाऊ दे. खोट्या दाखल्यावर खाट घेऊन मी बायकांना काय वाचायला शिकवू?"

"तुमी लय अवघड हाय, ताई," तो म्हणाला आणि वाटाणा ढवळायला गेला. थोड्या वेळानं झारा हातात घेऊनच परत आला. "पलटणीत कसं असतंय, युनिट एकीकडं, डिटॅचमेंट दुसरीकडं. आठ जवान डोंगरावर, हेडक्वार्टर शंभर मैल खाली. ते आठ जण बेकार असत्यात व्हय? तसं करा. हितं डिटॅचमेंट काढा."

मी एसटीडी बूथवरून संपादकांना फोन लावला.

"शाखा?" ते ओरडले. "आगं पोरी, हितं हेडऑफिसात मला धड खुर्ची न्हाई! पाय मोडलाय तिचा."

"खुर्ची इथं आहे. तुम्ही फक्त कागद छापा. मी इथं काम करते, संस्थेचं करते. शाखा म्हणजे आणखी काय असतं?"

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "पत्ता सांग."

पत्त्याशीच अडलं. हवालदाराचं म्हणणं, रेक्टरबाई बघायला येणार, आणि बेसिनशेजारच्या टेबलाला कुणी कार्यालय म्हणणार नाही. कार्यालयाला खोली लागते. दार लागतं, निदान पडदा तरी. हॉटेलात तशी एकच जागा होती. त्यानं ती बोटानं दाखवली नाही. मीच बदकांकडे बघितलं.

दोन दिवस मी वाळूवर चालत स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. पडद्याबाहेर बसून खाट घालवायची की पडद्याआड बसून काम पुरं करायचं, यावर वडिलांच्या पेटीत एकही पत्रक नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी फोनवर पत्ता सांगितला.

एसटीनं रबरी शिक्का आला आणि लेटरहेड. निळ्या शाईत संस्थेचं नाव आणि खाली 'शाखा कार्यालय: बंदर रोड'. हवालदारानं 'फॅमिली रूम'ची लाल अक्षरं घासून काढली आणि त्या जागी पुठ्ठ्यावर 'ऑफिस' लिहून टांगलं. रेक्टरबाई आल्या. पडदा उचलून त्यांनी टेबल, कागद, शिक्का पाहिला. बाकाला हात लावून पाहिला. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पडदाही आहे. आधी कुठं बसत होता कोण जाणे." लेटरहेडवरचा दाखला त्यांनी ठेवून घेतला. माझी खाट राहिली.

आत उकडायचं. लिहिताना मनगटाखाली कागद ओला व्हायचा. प्लायवूडच्या फटीतून मला बाहेरची दोन टेबलं दिसायची, एवढंच. पण नवऱ्याबरोबर, सासूबरोबर आलेल्या बायकांना बसायला आता दुसरी जागा उरली नव्हती, हे ध्यानात यायला मला आठवडा लागला. हवालदार प्रत्येकीला सांगायचा, "आत ऑफिस हाय. बसा हितंच." पहिल्यांदा आलेली बाई पदर सावरून भिंतीकडे तोंड करून बसली. पुढच्या खेपेला तीच बाई रस्त्याकडे तोंड करून बसली आणि पाव तिनं स्वतः मागितला. खलाशांनी दोन-चार दिवस माना खाली घालून खाल्लं. मग सवय झाली.

एका सुट्टीच्या दुपारी रेक्टरबाई त्यांच्या बहिणीला घेऊन आल्या. हॉटेल भरलेलं होतं. त्या सरळ पडद्याकडे निघाल्या.

"बाई, तिकडं ऑफिस हाय," हवालदार म्हणाला. "तुमीच तर बघून गेलाय."

रेक्टरबाई पडद्यापाशी थांबल्या. पडद्याखालून मला त्यांच्या चपला दिसत होत्या. मी उठून पडदा सारून "या, बसा" म्हटलं असतं, तर ते कार्यालय राहिलं नसतं. मी पेन्सिल धरून बसले. चपला जरा वेळ तिथंच होत्या, मग वळल्या.

त्या दोघी फटीतून दिसणाऱ्या, बेसिनशेजारच्या माझ्या जुन्या टेबलावर बसल्या. रेक्टरबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. बहिणीनं चहा बशीत ओतला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय गो, इतकी वर्षं आपण त्या खुराड्यात कशाला बसायचो? इथं वारा बघ किती येतो."

हवालदारानं त्यांना आणखी एकेक चहा दिला. मी मनगटाखालचा ओला कागद बदलला आणि बाईला बाजारात पोचवायला घेतलं.