कोणी खाल्लं, कोणी नाही

"हात पुढं कर," अण्णा म्हणाले.

मी केले. दोन्ही.

अण्णा म्हणजे आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. वरच्या वाडीतले, मोठे आंबा बागायतदार. त्यांच्या हातात छत्री होती. छत्रीच्या टोकानं त्यांनी माझा उजवा हात उलटा केला. मग डावा. त्यांना मला हात लावायचा नव्हता ना. नखं बघितली. बोटांच्या बेचक्या बघितल्या. व्हरांड्यात पोरं उभी होती. सर उभे होते. चार बायका कुंपणाच्या पलीकडनं बघत होत्या.

"बघा," अण्णा सरांना म्हणाले. "हळद म्हणते. हळद आहे का मळ आहे, कोण सांगणार?"

हळदच होती. सकाळीच खिचडी टाकली होती मी. चुलीवरून उतरवलेलं पातेलं तसंच गरम होतं. त्यांनी ते शाळेमागच्या पऱ्यात, ओढ्यात ओतायला सांगितलं. मलाच. मी उचललं आणि ओतलं. पाऊस ओसरला होता तरी पऱ्याला पाणी होतं. पिवळा भात वाहत गेला. मागं वळले तर चौथीच्या रांगेत माझी लेक उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या हातांकडं बघत होती.

पूर्णगडच्या रस्त्याला आमचं गाव. नाव सांगत नाही, सगळी गावं सारखीच. मी बौद्धवाडीतली. नवरा जयगडला बंदरात कंत्राटी कामाला, रविवारी येतो. आधीची स्वयंपाकवाली मुंबईला लेकाकडं गेली, म्हणून जूनपासून शाळेतला स्वयंपाक माझ्याकडं आला. दुसरं कुणी अर्ज केला नव्हता, म्हणून आला. पोरं मला मावशी म्हणायची. अख्खा पट एकवीस.

मंगळवारी पोरांनी खिचडी खाल्ली. संध्याकाळपासून उलट्या, जुलाब. बुधवारी सकाळपर्यंत नऊ पोरं आजारी. दोघांना रत्नागिरीला नेऊन सलाईन लावायला लागलं. सगळी वाचली. हे आधी सांगते, कारण मला ते दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. माझ्याच हातनं काही झालं का? तांदूळ नीट निवडला होता का? डाळीला वास होता का? मी स्वतःलाच आरोपी केलं होतं, मग अण्णांनी केलं.

अण्णा बुधवारी व्हरांड्यात बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"ही आली आणि तीन महिन्यांत हे झालं. इतकी वर्षं कधी झालं नव्हतं. खाडीपलीकडच्या शाळेतपण यांच्यातलीच बाई होती, तिथंपण पोरं आजारी पडली होती. माझं वय सत्तर. मी बघितलंय. यांच्यात स्वच्छता नसते. मी एकटा नाही, सगळं गाव म्हणतंय."

सर चांगले आहेत. गप्प बसणारे चांगले.

त्या संध्याकाळी मी भात केला, कुळथाचं पिठलं केलं. ताट मांडलं आणि वाढायला हात पुढं केला. लेकीनं भाताचा डाव माझ्या हातातनं काढून घेतला. हळूच. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "आये, मी घेते. मी मोठी झाले ना."

ती नऊ वर्षांची आहे.

तिनं स्वतः वाढून घेतलं. भात थोडा ताटाबाहेर सांडला, तो बोटानं उचलून खाल्ला. मी चुलीकडं तोंड फिरवलं. अण्णांच्या छत्रीनं मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

मी बारावी झालेली आहे. हे गावात कुणाला आठवत नाही. रत्नागिरीला मामाकडं राहून कॉलेज केलं, कला शाखा, आणि विषय होता तर्कशास्त्र. पुढं लग्न झालं. पण तर्कशास्त्राच्या बाई माझ्या डोक्यातनं गेल्या नाहीत. त्या विगमन शिकवायच्या. म्हणायच्या, थोडं बघायचं आणि न बघितलेल्याबद्दल बोलायचं, हे विगमन. ते वाईट नाही. त्याशिवाय माणूस एक दिवस जगणार नाही. ढग बघून वाळण काढतो, डोळा बघून मासा ताजा म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा करतो. पण शीत घेण्याआधी भात ढवळला होता का? वरचंच शीत घेतलं तर ते खोटं बोलेल. तळ करपलेला असेल.

त्या रात्री मी वहीचं एक पान घेतलं आणि अण्णांची वाक्यं एकाखाली एक लिहिली. परीक्षेत लिहायचो तशी.

ही आली आणि हे झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. एकामागून एक झालं म्हणून एकामुळं दुसरं झालं नाही. जूनमध्ये मी आले, तसा पाऊसही आला. नवीन फळाही आला.

खाडीपलीकडची बाई. हे साम्य. तिच्यात आणि माझ्यात सारखं काय? जात. शिजवण्याशी जातीचा संबंध काय? काही नाही. मग साम्य लंगडं.

यांच्यात स्वच्छता नसते. हे सामान्यीकरण. किती घरं बघितली अण्णांनी? आमच्या वाडीतल्या एका तरी घरात ते सत्तर वर्षांत आत आलेत का? उंबऱ्यापर्यंतसुद्धा नाही. एकही शीत न घेता भाताची परीक्षा.

सगळं गाव म्हणतंय. गावाला कुणी सांगितलं? अण्णांनी.

लिहून झालं आणि मला हलकं वाटलं नाही. उलट जास्त वाईट वाटलं. इतक्या पोकळ गोष्टीसाठी मी हात पुढं केले होते. लगेच. न विचारता.

आणि आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. बुधवारीच सकाळी, अण्णा यायच्या आधी, आरोग्य केंद्राच्या आशाताई शाळेत पोरांना बघायला आल्या होत्या. मी घाबरले होते. मी त्यांना म्हणाले, "आधी त्या नेपाळ्याच्या पोरीला बघा. तीच पहिली ओकली. कुठनं काय घेऊन आलेत कोण जाणे." बागेत राखणीला असलेल्या नेपाळी माणसाची ती मुलगी, सरिता. पहिलीत. नुकतीच दाखल झालेली. तिची आई शाळेच्या दारातच उभी होती, पोरीला कडेवर घेऊन. तिला मराठी थोडं कळतं. तेवढं नक्की कळलं.

पानावर मी पाचवं वाक्य लिहिलं. नवीन लोक आले आणि आजार आला. ते अण्णांचं नव्हतं. माझं होतं. हुबेहूब अण्णांसारखं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरायला लागले. तीन प्रश्न. खिचडी खाल्लीस का? पाणी कुठलं प्यालास? काय झालं? वरच्या वाडीत मला अंगणाच्या कडेलाच थांबवलं. एकीनं विचारलं, "तू कोण विचारणार?" मी म्हटलं, "मीच शिजवलंय ना, मग मीच विचारणार." एका घरी दारच लावून घेतलं. तिथल्या पोराला मी वाटेत गाठलं.

अण्णांचा नातू ओटीवर गोधडी घेऊन बसला होता. तिसरीत आहे. तोंड उतरलेलं. मी अंगणातनं विचारलं, "बाळा, मंगळवारी खिचडी किती खाल्लीस?"

"मी नाय खात मावशी," तो म्हणाला. "माझा डबा असतो. आजी म्हणते तुमच्या हातचं नाय खायचं."

सरळ सांगितलं. पोरं सरळ असतात. पुढं विचारलं, "पाणी?"

"नळाचं. टाकीच्या."

वरच्या वाडीतली चार पोरं जूनपासून डबा आणतात, हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे. पण सर रजिस्टरात रोज हजर तेवढी सगळी जेवली असं लिहितात. कागदावर माझ्या हातचं सगळं गाव जेवतं.

घरी येऊन मांडलं. मंगळवारी हजर एकोणीस. खिचडी खाल्लेली पंधरा, त्यातली सहा आजारी. न खाल्लेली चार, त्यातली तीन आजारी. खिचडीनं होतं तर न खाणारे का पडले?

मग पाणी. आमच्या वाडीतली आठ पोरं घरनं बाटली नेतात. का नेतात? नळावर एकच पेला, आणि त्यावरून मागं कुणीतरी काहीतरी बोललं होतं. म्हणून आम्ही आयांनी बाटल्या दिल्या. त्या दिवशी सात जण बाटलीचं पाणी प्याले. सातही ठणठणीत, सातांनीही खिचडी खाल्लेली, माझ्या लेकीनं तर दोनदा. आठवा बाटली विसरला. नळाचं प्याला. तो पडला. टाकीचं पाणी प्यालेली एकूण बारा, आणि आजारी पडलेली नऊच्या नऊ त्या बारांतली.

शनिवारी समितीची सभा होती. विषय एकच. सरांनी इतिवृत्ताच्या वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'स्वयंपाकी महिलेच्या अस्वच्छतेमुळे विद्यार्थ्यांना विषबाधा'. मला बोलावलं होतं ते सही करायला. मी दाराशी उभी. मला कुणी बस म्हटलं नाही. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमच्या नातवानं खिचडी खाल्ली होती का?"

अण्णांनी छत्री या हातातनं त्या हातात घेतली.

बघा, काय झालं होतं. खाल्ली म्हणाले असते तर पोरगं खोटं पडतं. नाही म्हणाले असते तर माझ्यावरचा आरोप पडतो, आणि आजवर का खात नव्हता तेही सांगावं लागतं. समितीसमोर. सरांच्या रजिस्टरासमोर.

"तो प्रश्न इथं नाही," अण्णा म्हणाले.

"इथंच आहे. तो आजारी पडला आणि त्यानं माझ्या हातचं शीतसुद्धा खाल्लेलं नाही."

मी कागद वाचला. नावं, खाल्लं, नाही खाल्लं, कुठलं पाणी. एक सदस्य म्हणाले, "खिचडी त्याच पाण्यात शिजवलीस ना?"

"हो. अर्धा तास उकळली. प्यायचं पाणी कुणी उकळत नाही."

"म्हणजे पाण्यानंच झालं असं सिद्ध केलंस तू?"

"नाही," मी म्हटलं. "तिघं तेच पाणी प्याले आणि त्यांना काही झालं नाही. ते मी लपवत नाही. सिद्ध नाही म्हणत. पण तुमच्या अनुमानापेक्षा माझं बळकट आहे. आणि तपासता येतं. टाकीवर कुणालातरी चढवा."

सरच चढले. टाकीचं झाकण वाऱ्यानं उडून मागच्या रानात पडलेलं होतं. आत कुजका पाला. आणि एक फुगलेला उंदीर. सरांनी खाली उतरून आधी नळ घट्ट बंद केला. पुढं आशाताईंनी पाणी तपासायला पाठवलं. पिण्यास अयोग्य, असा कागद आला.

अण्णांनी छत्री उचलली. जाताना म्हणाले, "झालं गेलं विसर. सोमवारपासून ये कामाला."

"येत नाही," मी म्हटलं. "वहीत जे लिहिलंय ते आधी खोडा. माझं नाव घेऊन लिहिलंत, तसं नाव घेऊनच खोडा. मग येते."

दोन दिवस मी गेले नाही. नवरा फोनवर म्हणाला, "सोड गो ते काम. कशाला लागतेस त्यांच्या नादी?" मी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी घरी निरोप धाडला. मी जाऊन बघितलं. ती ओळ खोडली होती, खाली टाकीचं लिहिलं होतं. अण्णांची सही होती. माफी कुठं नव्हती.

त्याच दुपारी मी सरिताच्या घरी गेले. आंब्याच्या बागेतली पत्र्याची खोली. तिची आई बाहेर कपडे धूत होती. मी म्हटलं, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तुमच्यामुळं काही झालं नव्हतं. पाणी खराब होतं." तिनं ऐकलं. हात पुसले. आत गेली आणि दार ओढून घेतलं. जोरात नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. तिनं उघडावं असा माझा काही हक्क नव्हता.

सरिता आता शाळेत येते, पण खिचडी वाढायला गेले की ताट मागं घेते. मी तिच्यासमोर तशीच उभी राहते थोडी, मग पुढं जाते. आणि वरच्या वाडीतले डबे? चारचे पाच झालेत. टाकी धुतली, नवं झाकण आणलं, पाणी आता गाळतात. डबे काही गेले नाहीत. खरं कारण सापडलं म्हणून खोटं कारण माणसांच्या मनातनं निघत नाही. हे बाईंनी शिकवलं नव्हतं.

रजिस्टर अजून तसंच आहे. सर रोज लिहितात, हजर तेवढी सगळी जेवली. परवा मी त्यांना म्हटलं, "सर, खरं लिहा. वरच्या वाडीतली पाच पोरं जेवत नाहीत, असं लिहा."

"कशाला वाढवतेस?" सर म्हणाले. "तुझा पुढचा करार अण्णांच्याच सहीवर आहे."

माहीत आहे. पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. सगळी वाडी, सगळं गाव, वरचे अधिकारी येणार आहेत. मी उभी राहणार आहे. कोण खात नाही आणि का खात नाही, हे विचारणार आहे. एकेका घराचं नाव घेऊन विचारणार. अंदाजानं नाही, मी रोज वाढते, रोज बघते. करार गेला तर जाईल. हात आता कुणापुढं करणार नाही.