सुधाताईंचा रविवारचा धक्का

सुधाताई जोगळेकर यांची आणि माझी पहिली भेट बंद पडलेल्या एका प्रोजेक्टरमुळे झाली. मी ठाण्याच्या तंत्रनिकेतनात इंग्रजी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि त्या तिथे अभियांत्रिकी आरेखन शिकवत. प्रोजेक्टर गेला, नवीन मागवा, असा शेरा मारून मी मोकळा झालो होतो. सुधाताई वर्गात आल्या, मला हात पुढे करायला सांगितला आणि एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवत गेल्या. "मूठ घट्ट ठेवा. 'गेला' हा शब्द माणसाने लगेच वापरू नये," एवढेच बोलल्या. प्रोजेक्टर सुरू झाला. त्यांचा पुढचा सगळा स्वभाव मला त्या दिवशी कळायला हवा होता, पण माझे लक्ष मुठीकडे होते.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. माझ्याकडे काम आले आहे ते 'दोन सीट' या त्यांच्या मंडळाविषयी लिहिण्याचे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या स्पोर्ट्स कारच्या वेड्यांना इंटरनेटवर एकत्र आणणारे हे मंडळ. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. जमिनीला पोट टेकणाऱ्या त्या गाड्यांपेक्षा मला रिक्षा सोयीची वाटते. तरीही मंडळाच्या पहिल्या दिवसापासून मी त्यात आहे, कारण ताईंना नाही म्हणणे मला कधी जमले नाही.

निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका चारधामची चौकशी करत होत्या, तेव्हा ताईंनी कल्याणजवळ मोहन्याच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारातून एक परदेशी बनावटीची, बिनछपराची, दोन आसनी गाडी विकत घेतली. गाडी टेम्पोवर चढवून डोंबिवली पूर्वेला त्यांच्या इमारतीत आणली. इंजिन गंजलेले, गिअरबॉक्समधले एक दातेरी चाक तुटलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून तशी गाडी एकदा जाताना पाहिली होती, तेव्हापासून ती चालवायचे मनात होते, असे त्यांनी मला साध्या आवाजात सांगितले. मी हसलो नाही, याचा मला आजही आनंद आहे.

सोसायटीलाही हसू आले नाही, पण कौतुकही वाटले नाही. सभेत ठराव झाला की जे वाहन जागेवरून हलत नाही ते भंगार समजून आवारातून हटवावे. सेक्रेटरी वैद्यकाकांनी ठराव वाचला. ताई उभ्या राहिल्या.

"इंजिनानेच हललं पाहिजे, असं त्यात आहे का?"

"तसं काही नाहीये वहिनी, पण..."

"मग रविवारी सकाळी खाली या. हलताना दाखवते."

रविवारी आम्ही ती गाडी ढकलली. ताई स्टिअरिंगवर, मागे मी आणि वॉचमन. गाडीच्या जागेपासून फाटकापर्यंत उतार आहे, त्यामुळे जाताना काही वाटले नाही. परत येताना चढ लागला आणि मला माझे वय कळले. वैद्यकाका गॅलरीतून बघत होते. गाडी जागेवर लावून ताईंनी त्यांना नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "दर रविवारी हलवावी लागेल. माणसं शोधायला हवीत."

मंडळाची सुरुवात झाली ती अशी. ताईंनी इंटरनेटवर गाडीवेड्यांच्या एका पानावर माझ्याकडून मजकूर लिहून घेतला: डोंबिवलीत एक स्पोर्ट्स कार आहे, चालत नाही, ढकलायला माणसे हवीत, चहा मिळेल. मला वाटले टवाळी होईल. ती झालीच, पण पुढच्या रविवारी तीन अनोळखी तरुण फाटकाशी उभे होते. त्यातला एक विठ्ठलवाडीहून आला होता, त्याचे सीट कव्हरचे दुकान. त्याने उंदरांचा संसार पाहिला आणि विचारले, "ताई, हे मी घेऊन जाऊ का? भारी करून देतो." सीट घेऊन गेला आणि खरोखर भारी करून आणल्या.

मग आम्ही स्वतःचे पान काढले. त्याला 'दोन सीट' हे नाव ताईंनी दिले. सदस्य होण्याचा नियमही त्यांचाच: तुमच्याकडे कोणती गाडी आहे, आहे की नाही, हे कोणी विचारणार नाही, पण एका रविवारी प्रत्यक्ष येऊन धक्का द्यायचा. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींतली चकचकीत गाड्यांची मुले आली. ठाकुर्लीहून स्कूटरवर येणारी, भिंतीवर नुसते गाडीचे चित्र लावलेली मुले आली. चढावर सगळ्यांना सारखाच घाम येई. त्यानंतर पानावर कोणी कोणाला हिणवत नसे, कारण ज्याच्या खांद्याला खांदा लावला त्याच्याशी भांडायला जरा जड जाते. इंजिन याच मुलांनी रविवारी-रविवारी जमवले. पानावर आडवेतिडवे प्रश्न पडत, जगभरातून उत्तरे येत, आणि मी त्यांचे मराठी करत बसे.

दुसरा नियम कडक होता. वेगाचा काटा दिसेल असा फोटो किंवा व्हिडिओ पानावर टाकायचा नाही. ताईंच्या वर्गातला एक हुशार विद्यार्थी भरधाव मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. त्याचे अर्धवट राहिलेले ड्रॉइंग तपासायचे की नाही, या विचाराने त्या एक दुपारभर स्टाफरूममध्ये बसून राहिल्या होत्या. मी ते पाहिले आहे. म्हणून या नियमाबद्दल मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

वाद घातला तो निखिलने. निखिल ठाण्याचा, लाल स्पोर्ट्स कारचा मालक, पानावरचा सर्वांत लाडका सदस्य. ते तुटलेले दातेरी चाक इथे कुठेच मिळत नव्हते, ते परदेशातून आणून देण्याचे त्यानेच कबूल केले होते. त्या चाकाशिवाय इंजिन कितीही गुरगुरले तरी गाडी पुढे सरकणार नव्हती. आणि त्याच निखिलने एका पहाटे हायवेवरचा काट्याचा व्हिडिओ टाकला.

ताईंनी फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. "ताई, रोड एकदम खाली होता, कसम से. लोकांना आवडलाय, लाइक बघा ना," तो म्हणत होता. व्हिडिओ काढून टाक, एवढेच ताईंनी सांगितले. त्याने काढला नाही. संध्याकाळी ताईंनी पानावरून व्हिडिओही काढला आणि त्यालाही. मग बाकीच्यांचे फोन सुरू झाले. विठ्ठलवाडीचा आमचा सीटवाला तर रडकुंडीला आला. "ताई, त्याला नाराज केलं तर तुमची गाडी कायमची उभी राहणार."

"उभी राहील," ताई म्हणाल्या. "रविवारी ढकलू."

निखिलने वेगळे पान काढले आणि निम्म्याहून अधिक सदस्य तिकडे गेले. पुढच्या रविवारी खाली आलो तर मोजकी चार माणसे. ताई स्टिअरिंगवरून उतरल्या आणि स्वतः मागे येऊन उभ्या राहिल्या. वैद्यकाका गॅलरीत होते. थोड्या वेळाने ते चपला घालून खाली आले आणि स्टिअरिंगवर बसले. मला त्या क्षणी भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तो सबंध पावसाळा आम्ही तसाच काढला.

याच दिवसांत माझ्या पत्नीचे कंबरेचे ऑपरेशन झाले. घरी आणायला उरलेल्या सदस्यांनी उत्साहाने एक स्पोर्ट्स कार पाठवायचे ठरवले. ताईंनी त्यांना असे झापले की बोलायची सोय नाही. मग स्वतः मोठी टॅक्सी घेऊन ठाण्याच्या हॉस्पिटलात आल्या आणि उशा लावून त्यांनी तिला घरापर्यंत आणले. गाडीचे वेड आणि गाडीचा उपयोग यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी निखिल आला. लाल गाडी आणली नव्हती. फाटकातून चालत आला, हातात एक जड पिशवी.

"ताई, ते चाक आणलंय."

"कट्ट्यावर ठेव. व्हिडिओ?"

"सगळीकडून डिलीट केला. आणि मी आता तसं चालवत नाही, खरंच."

"मग मागे लाग. नवा माणूस डावीकडे. तिथे जोर जास्त लागतो."

निखिल डावीकडे लागला. त्याचे पान आपोआप थंडावले आणि गेलेले सदस्य परतले. त्या प्रत्येकाला पुन्हा गाडीला धक्का द्यावा लागला.

ज्या रविवारी चाक बसवून झाले, त्या सकाळी आवारात उभे राहायला जागा नव्हती. ताई एकट्या बसल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्लीच्या टोकाला वळली आणि आपल्या पायांनी परत आली. सगळे मोबाईल वर धरून उभे होते. फाटकात ताईंनी इंजिन बंद केले.

"काय झालं? बंद पडली?" वैद्यकाका धावत आले.

"पडली नाही, केली," ताई म्हणाल्या. "कल्याणहून तिघं नवीन आलेत. त्यांचा धक्का राहिलाय."

आणि आम्ही ती धडधाकट गाडी चढावरून ढकलत जागेवर नेली.

सुधाताईंना निरोगी आयुष्य भरभरून लाभो, त्यांचे डोळे, गुडघे आणि हट्ट असेच शाबूत राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. रविवारी सकाळी त्या स्टिअरिंगवर असाव्यात आणि मागे आम्ही. माझी पाठ आता कुरकुरते, डॉक्टर नको म्हणतात. पण उजवीकडची जागा पहिल्या रविवारपासून माझी आहे आणि ताई, ती मी सोडणार नाही.