नोंद कोणत्या गावची

सोमवारी सकाळी साडेदहाला दवाखान्यात सासूबाईंच्या खाटेपाशी दोघंच होतो: मी आणि कर्करोगाच्या नोंदी गोळा करणाऱ्या एक बाई. सासूबाईंच्या गर्भाशयाच्या मुखाला कर्करोग असल्याचं आठवड्यापूर्वीच नक्की झालं होतं.

बाईंनी केसपेपर वाचून विचारलं, “आजी, शनिवार पेठेत किती वर्षं राहताय?”

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. पत्ता मी लिहिला होता, आमच्या घरचा. दवाखान्यासाठी गावाहून कोणी आलं की आम्ही तोच देतो.

“त्या लोणी काळभोरच्या. पंधरा दिवस झाले येऊन,” मी म्हणालो. “त्यानं काय बिघडतं?”

“आपण काय करता?”

“हिशेब तपासतो.”

“अरे वा! मग भागायचं पुणे शहरातल्या बायकांच्या संख्येनं, आणि मोजायची लोणीची बाई?”

लाख बायकांमागे इतक्या जणींना कर्करोग, अशी ओळ वर्तमानपत्रात वाचून मी कितीदा पान उलटलं असेल. त्या एका ओळीसाठी कोणी खाटेखाटेशी जातं, एकच बाई दोन दवाखान्यांत दोनदा धरली जाऊ नये म्हणून नाव, वय, गाव ताडून पाहतं, हे ठाऊक नव्हतं. बाईंची पिशवी कागदांनी गच्च भरली होती. एका कागदावर एक बाई. इतका मोठा आकडा इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. उभ्या जागी हात जोडावेसे वाटले.

सासूबाई म्हणाल्या, “गावाचं नगं लिवू. बोभाटा हुईल.”

“नाव कुणाला कळत नाही, आजी. गावात किती जणी, एवढंच कळतं.”

“किती हायेत?”

“दवाखान्यात आल्या तेवढ्याच मला माहीत. न आलेल्या कुठून मोजू?”

सासूबाई भिंतीकडे वळल्या. मग तिकडूनच म्हणाल्या, “माजी धाकटी जाऊ हाय. पाळी जाऊन धा वर्सं झाली, तरी सा म्हैने अंगावरून जातंय तिच्या.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “त्यांना मोजायचं नंतर. आधी तपासायचं. आजच आणा.”

“जावईबापू, जाता?”

दुपारी मी लोणीत सासूबाईंच्या या जाऊबाईंच्या दारात उभा होतो. निरोप ऐकून त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“तिनं सांगितलं?” त्या म्हणाल्या. “कुनाला सांगू नगं म्हनून मला गळ्याची शपथ घातली, आन् सोता बोलली व्हय!” आणि लुगडं बदलायला आत गेल्या.